सावलीला विचारू या



सूर्य डोक्यावर किती वाजता येतो, असे कोणी विचारले तर तुम्ही चटकन सांगाल, "दुपारी बारा वाजता." हे उत्तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण ते खरे आहे की नाही, हे तुमच्यापैकी किती जणांनी स्वतः पाहिले आहे?

मुंबईत सूर्य आकाशात सर्वांत उंच येतो तो फेब्रुवारीच्या मध्यास सुमारे १२ वाजून ५३ मिनिटांनी आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीस सुमारे १२ वाजून २२ मिनिटांनी. बरोबर बारा वाजता तो तेथे वर्षातून एकदाही पोचत नाही. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताच्या वेळेवर चालतात. मुंबई त्याच्या पश्चिमेला जवळजवळ १० अंशांवर आहे आणि एका अंशाला ४ मिनिटे लागतात. बाकीचा फरक पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे आणि तिच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे पडतो. आता 'डोक्यावर' या शब्दाविषयी. मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर वर्षातून फक्त दोनदा येतो, मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस.

म्हणूनच माझे मत असे आहे की, खगोलशास्त्र हा पाठ करण्याचा विषय नाही. तो करून पाहण्याचा विषय आहे, आणि तोही एकट्याने नव्हे, गटाने.

तुम्ही म्हणाल, "सर, आमच्या शाळेत दुर्बीण कुठे आहे?" दुर्बिणीची गरज नाही. एक सरळ काठी, दोरी, खडू, मोजपट्टी आणि घड्याळ एवढे पुरे. शाळेच्या पटांगणात सपाट जागी अर्धा मीटर उंचीची काठी उभी करा. ती सरळ आहे ना, हे ओळंब्याने तपासा. काठीभोवती खडूने एक वर्तुळ काढा. दुपारपूर्वी सावली आखडत जाते. तिचे टोक वर्तुळाला टेकले की तेथे खूण करा. दुपारनंतर सावली पुन्हा लांबू लागते. टोक वर्तुळाला दुसऱ्यांदा टेकले की तेथेही खूण करा. दोन्ही खुणा जोडणारी रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. तिच्या मध्यबिंदूपासून काठीपर्यंत रेषा काढा, ती उत्तर-दक्षिण. सावली या रेषेवर आली, की तुमच्या गावची खरी दुपार झाली. मात्र एक गोष्ट कधीही विसरू नका. पाहायचे ते सावलीकडे, सूर्याकडे नव्हे.

या काठीला आपल्याकडील जुन्या ज्योतिर्विदांनी 'शंकू' म्हटले. अरबी ग्रंथांत या वर्तुळाला 'दाइरा हिंदिया', म्हणजे हिंदी वर्तुळ, असे नाव मिळाले. इ. स. ९७३ मध्ये जन्मलेले अल्-बेरूनी यांनी संस्कृतचा अभ्यास केला आणि नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली. विद्येला भाषेची भिंत आडवी येत नाही, हे त्यांच्याकडून शिकावे. तुमच्या मोहल्ल्यातील मशिदीत नमाजाच्या वेळांचा तक्ता असतो. त्यातील जवालची वेळ रोज थोडी थोडी का बदलते, याचे उत्तर तुम्हांला ही काठी देईल. तक्ता आणि सावली यांचा मेळ बसतो का, हे तुम्हीच ताडून पाहा.

आता गटच का, ते सांगतो. पाच जणांचा गट करा. एकाने ओळंबा सांभाळावा, दुसऱ्याने घड्याळ पाहावे, तिसऱ्याने खूण करावी, चौथ्याने मोजावे आणि पाचव्याने लिहावे. दुसऱ्या दिवशी कामे बदलावीत. नाहीतर हुशार मुलगा मोजतो आणि बाकीचे नुसते उभे राहतात. वर्गात असे चार गट असले की चार उत्तरे येतात. एकाची सावली ३१ सेंटिमीटर, दुसऱ्याची ३२. मग वाद होतो. हा वाद मला फार मोलाचा वाटतो. काठी वाकडी होती का? जमीन उतरती होती का? मोजपट्टी शून्यापासून धरली होती का? असे प्रश्न विचारता विचारता चूक सापडते. शेजारच्या गटाचे उत्तर पाहून आपला आकडा खोडणे ही मात्र लबाडी आहे. जे मोजले तेच लिहावे आणि मग कारण शोधावे. विज्ञानाचा पाया हाच आहे.

गट आणखी मोठाही होऊ शकतो. धुळे आणि कोल्हापूर ही शहरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. दोन्हीकडच्या शाळांनी एकाच दिवशी सर्वांत आखूड सावली मोजावी. काठी आणि सावली यांचा त्रिकोण प्रमाणात कागदावर काढून कोनमापकाने सूर्यकिरणांचा कोन मोजावा. दोन कोनांत सुमारे ४.२ अंशांचा फरक येईल. दोन्ही शहरांमधील उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४६५ किलोमीटर आहे. ४.२ अंशांना ४६५ किलोमीटर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडा. पृथ्वीचा परीघ जवळजवळ ४० हजार किलोमीटर येतो. दोन हजार वर्षांहून पूर्वी एराटोस्थेनिस यांनी सावलीवरूनच हा परीघ काढला होता. जे त्यांनी केले, ते आठवीतील मुलामुलींनाही करता येते.

काही पालक म्हणतील, "आकाश पाहायचे तर रात्री जावे लागणार. मुलींना कसे पाठवायचे?" ही काळजी मी समजू शकतो. परंतु तेवढ्यासाठी अर्ध्या वर्गाने आकाशाला मुकावे, हे मला मान्य नाही. सावलीचे प्रयोग तर भर दुपारी शाळेतच होतात. चंद्राचे निरीक्षण प्रत्येकाने आपल्या गच्चीवरून किंवा अंगणातून करावे. रमजान ईदच्या चंद्रासाठी आपण मोठ्या हौसेने गच्चीवर चढतो आणि चाँदरात संपली की चंद्राला विसरतो. त्यानंतरही आठ दिवस, रोज ठरलेल्या एकाच वेळी, त्याचे चित्र काढा. हात लांब करून मूठ धरली तर आकाशात ती सुमारे १० अंश भरते. चंद्र रोज पूर्वेकडे एका मुठीहून थोडा अधिक सरकलेला दिसेल. दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांची चित्रे शेजारी शेजारी लावा. घरोघरी पाहिलेला चंद्र असा सगळ्या गटाचा होतो.

हिवाळ्यात संध्याकाळी पूर्वेकडे ताऱ्यांचा एक लहानसा पुंजका दिसतो. मराठीत त्याला कृत्तिका म्हणतात, उर्दूत सुरैया. त्याच्या मागून एक तांबूस तारा उगवतो, ती रोहिणी. अरबांनी तिला 'अद्-दबरान', म्हणजे मागून येणारा, असे नाव दिले आणि त्यावरूनच जगभर तिला आल्डेबरान म्हणतात. नाव खरे आहे का, हे पाहायला दोन डोळे पुरेत.

काही जण असेही म्हणतील, "परीक्षेत सावली विचारत नाहीत. मग वेळ का घालवायचा?" पण ज्याने उत्तर-दक्षिण रेषा स्वतः आखली, त्याला अक्षांश-रेखांशांचा धडा घोकावा लागत नाही. गुण तर मिळतीलच. शिवाय ऐकलेली गोष्ट तपासून पाहण्याची सवय लागेल. ती सवय परीक्षा संपल्यावरही उपयोगी पडते. अफवा ऐकली की धावत सुटणाऱ्यांच्या गर्दीत असा माणूस क्षणभर थांबतो आणि विचारतो, "हे कोणी पाहिले?"

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, तेव्हा देशभर आनंदीआनंद झाला. तो आनंद योग्यच होता. पण असे यान नुसत्या टाळ्यांनी उतरत नाही. त्यामागे अनेक हातांनी केलेले, पुन्हा पुन्हा तपासलेले मोजमाप असते. तुमच्या पटांगणातही ऊन आहे आणि काठी कोठेही मिळेल. पावसाळा संपून आकाश निवळले की पाच जण एकत्र या आणि पहिली खूण करा.