नक्षी कोणाची?

वार्षिक अंकासाठीं विद्यार्थ्यांकडून जीं पृष्ठें येतात, त्यांच्या पार्श्वभूमीस भौमितिक नक्षी असावी, ही हौस अलीकडे फार वाढली आहे. हौस चांगलीच, परंतु ह्या नक्ष्यांपैकीं पुष्कळशा महाजालावरून आयत्या उचललेल्या असतात, हें पाहून आम्हांस खेद होतो. उलटपक्षीं, संगणकावर नक्षी काढणें म्हणजे निव्वळ कालापव्यय, असें म्हणणारे पालकहि आम्हांस भेटतात. दोन्ही पक्षांशीं आमचा मतभेद आहे.

शनिवार पेठेंतील शनिवारवाडाच पाहा. थोरल्या बाजीरावांनीं १७३० सालीं त्याचा पाया घातला. आंतील इमारती १८२८ च्या आगींत जळाल्या, तरी जोतीं राहिलीं, आणि त्यांत हजारी कारंज्याची सोळा पाकळ्यांची कमलाकृति आजहि पाहावयास मिळते. ती कागदावर उतरविणें कठीण नाहीं. वर्तुळाचे दोन व्यास परस्परांशीं काटकोनांत काढावे, म्हणजे चार भाग होतात. कंपासानें प्रत्येक कोन दुभागला म्हणजे आठ, पुन्हां दुभागला म्हणजे सोळा. प्रत्येक पाकळीच्या वांट्यास साडेबावीस अंश येतात, आणि कोनमापकास हात लावावा लागत नाहीं.

आतां संगणकाकडे वळूं. गिम्प नांवाची चित्रसंपादनाची प्रणाली विनामूल्य मिळते. स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस ह्या कॅलिफोर्नियांतील दोघां विद्यार्थ्यांनीं ती १९९५ सालीं आरंभिली, ही गोष्ट आमच्या बालवाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तींत एकच पाकळी काढून तिच्या प्रती साडेबावीस अंशांनीं फिरवीत गेल्यास कमळ हां हां म्हणतां पुरें होतें. मात्र आळसानें साडेबावीसाच्या जागीं बावीस लिहिले, तर शेवटीं आठ अंशांची फट उरते. आणि यंत्र ती फटहि तितक्याच तत्परतेनें काढून देतें!

सर्व पृष्ठ भरावयाचें तर कमळाचा चौकोनी तुकडा फरशीसारखा शेजारीं शेजारीं मांडावा लागतो. खरी परीक्षा येथें होते. ठिपक्यांच्या रांगोळींत एक ओळ चुकली म्हणजे पुढची सारी जाळी कशी बिघडते, हें घरोघरच्या आजींस विचारावें. तुकड्याच्या कडा जुळल्या नाहींत, तर तोच दोष पानभर उमटतो. यासाठीं तुकडा निम्म्या रुंदीनें व निम्म्या उंचीनें सरकवावा, म्हणजे बाहेरच्या कडा मध्यभागीं येऊन सांधा उघडा पडतो. तेथें तो शांतपणें दुरुस्त करावा. एवढें करणाऱ्या मुलाचा वेळ वायां गेला, असें कोणता पालक म्हणेल?

आणखी एक सांगावयाचें म्हणजे, पार्श्वभूमीनें मागेंच राहावें. आमच्याच एका अंकांत कवितेच्या पाठीमागें इतकी भडक नक्षी छापली गेली होती कीं, वाचकांनीं नक्षीच वाचली. बिचाऱ्या कवयित्रीची समजूत आम्हांस घालावी लागली. रंग फिका ठेवावा, आणि छापील अक्षर हातभर अंतरावरून वाचून पाहावें.

तेव्हां आमचें मत असें कीं, पुढील अंकांत आयती उचललेली एकहि नक्षी घेऊं नये. मग कांहीं पानें कोरीं राहिलीं तरी चालतील. नक्षी देतांना तिचा कागदावरील कच्चा आराखडाहि जोडावा. त्यावर कंपासाचीं भोकें व खोडलेल्या रेघा असल्या, तर त्या तशाच राहूं द्याव्या.