'मार्केटिंग' म्हणजे दारोदार फिरणे नव्हे!

परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशाचे दिवस आले की आमच्या विहारात रविवारी मुलांची गर्दी होते. पदवी फर्स्ट क्लास, डोळ्यांपुढे लंडन आणि हातात आयईएलटीएस परीक्षेच्या शब्दांची झेरॉक्स. टर्नओव्हर, मार्केट शेअर, प्रॉफिट मार्जिन, ब्रँड लॉयल्टी! पाढे म्हणावेत तशी ही यादी पाठ चाललेली. आम्ही सहज विचारले, मार्केटिंग म्हणजे काय रे? एक मुलगा उत्तरला, "सर, उन्हातान्हात दारोदार फिरून वस्तू विकायच्या."

त्याचे काय चुकले? आमच्या वस्त्यांमध्ये 'मार्केटिंगचा जॉब' याच अर्थाने येतो. कोणता माल कोणासाठी काढायचा, भाव काय ठेवायचा, जाहिरात कशी करायची हे ठरविणाऱ्या खुर्चीत आमची पोरे बसलीच कधी? ती खुर्ची कोणाची मक्तेदारी आहे, हे वाचकांना सांगायला नको.

परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, अर्थशास्त्र शिकून १९१७ मध्ये परतले. बडोद्याची नोकरी सुटल्यावर मुंबईत त्यांनी शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली, पेढी बंद पडली. इंग्रजी कमी पडली होती काय? भांडवलदारांचे शब्द आपण कशाला शिकायचे, असे आमचे काही मित्र म्हणतात. पण १९२५ मध्ये चलनाच्या प्रश्नावर हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देणारे बाबासाहेब हीच भाषा बोलत होते.

आता परीक्षेकडे पाहू. लेखनात आणि बोलण्यात एक चतुर्थांश गुण शब्दसंपदेला आहेत. अॅकॅडेमिक परीक्षेत आलेख किंवा तक्ता देऊन किमान दीडशे शब्दांत वर्णन करायला सांगतात, त्यात विक्री आणि खर्चाचे आकडे हमखास येतात. फी पंधरा हजारांच्या वर, आणि निकाल दोनच वर्षे ग्राह्य! राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे, जागा ७५. पण आधी प्रवेश, प्रवेशासाठी आधी परीक्षा. म्हणजे शिष्यवृत्तीचा रुपया दिसण्यापूर्वीच घरातले पैसे जातात. एकदा नापसंत गुण आले की दुसऱ्यांदा बसण्याची बहुतेकांची ऐपत नसते.

नुसत्या पाठांतराने हे साधत नाही. आमच्याकडे एक मुलगी येते, आई हातगाडीवर भाजी विकते. आलेख पाहिला की तिची बोबडी वळायची. आम्ही म्हटले, आईचा आठवड्याचा हिशेब सांग. सोमवारी माल किती उचलला, किती खपला, किती सडला, उधारी कोणाकडे, सारे तिने धडाधड सांगितले. त्याचाच आलेख फळ्यावर काढला. खप म्हणजे सेल्स, मुद्दल म्हणजे कॅपिटल, उधारी म्हणजे क्रेडिट, ठोक म्हणजे होलसेल. गुरुवारी टोमॅटोचा भाव कोसळला, 'प्राइसेस फेल शार्पली'. ती 'डू प्रॉफिट' म्हणायची. इंग्रजीत 'मेक अ प्रॉफिट' म्हणतात, हे एकदाच सांगावे लागले. ब्रँड लॉयल्टी समजावताना आम्ही ६ डिसेंबरच्या चैत्यभूमीवरील पुस्तकांचे स्टॉल दाखवले. टीव्हीवर एक जाहिरात नाही, तरी लोक पोटाला चिमटा घेऊन पुस्तक विकत घेतात. यावर ती दोन मिनिटे न अडखळता इंग्रजीत बोलली!

राहिला फीचा प्रश्न. १४ एप्रिलला डीजेवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्यात चार-पाच मुलांची परीक्षा होते. यंदा विहार कमिटीच्या बैठकीत आम्ही हा हिशेब मांडला. वर्गणीतून दोघांची फी भरायचे ठरले आहे. डीजेवाली मंडळी अजून रुसलेली आहेत. त्यांच्यापैकी एकाची बहीणच या वर्षी परीक्षेला बसते आहे.