दोन हात, एक बोल

तिशीत हौसेने की-बोर्ड, तबला नाहीतर ड्रम्सचा क्लास लावणारे आणि तीन महिन्यांत सोडणारे आमच्या ऑफिसात पैशाला पासरी आहेत. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं : "अरे, माझे दोन हात वेगवेगळे चालतच नाहीत. लहानपणीच शिकायला हवं होतं." मग की-बोर्ड कपाटावर जातो आणि माणूस स्वतःवर 'आपल्यात कोऑर्डिनेशन नाही' असा शिक्का मारून मोकळा होतो.

माझं मत विचाराल तर (न विचारताही सांगणारच, ब्लॉग माझा आहे!) शिक्का चुकीचा आहे, कारण अपेक्षाच चुकीची आहे. हात वेगवेगळे चालवायचे असतात असं सांगितलं कोणी?

एका हाताने गोल आणि त्याच वेळी दुसऱ्याने चौकोन काढून बघा. गोलाला कोपरे फुटतात. मेंदूचे दोन भाग मज्जातंतूंच्या एका जाड जुडग्याने जोडलेले असतात. फिट्सवर उपाय म्हणून हे जुडगं कापलेल्या काही रुग्णांवर १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे दोन हात एकाच वेळी दोन वेगळ्या आकृत्या काढायचे आणि एकीची दुसरीत भेसळ होत नसे. म्हणजे हात खरोखर स्वतंत्र हवे असतील तर मेंदूवर कात्री चालवावी लागते :) आणि गंमत म्हणजे, तेव्हाही दोन्ही हात वेळ मात्र एकच धरून होते.

मग वादकांना जमतं कसं? याचं मला सर्वात पटलेलं उत्तर २००१ साली 'नेचर'मध्ये आलेल्या म्युनिकच्या संशोधकांच्या प्रयोगात आहे. टेबलाखाली दोन हँडल, टेबलावर दोन झेंडे. हँडल फिरवलं की झेंडा फिरतो. एका बाजूला गिअर असा बसवलेला की दोन्ही झेंडे बरोबरीने फिरायला हवे असतील तर हात ४ ला ३ या प्रमाणात फिरले पाहिजेत. हे प्रमाण हातांनी जमवायला सांगितलं तर तुम्ही-आम्ही हात टेकू. पण लोकांनी लक्ष झेंड्यांवर ठेवलं आणि थोड्या सरावाने त्यांना ते जमलं. डोक्यात एकच चित्र होतं, बाकीचं हातांनी आपसात बघून घेतलं.

तबल्यात ही युक्ती भाषेतच आहे. 'ना' उजव्या हाताने चाटेवर, 'घे' डाव्या हाताने डग्ग्यावर. दोन्ही एकदम वाजले तर 'ना अधिक घे' कोणी म्हणत नाही, त्याला 'धा' म्हणतात. 'तिं' आणि 'घे' मिळून 'धिं'. तीनतालाचा ठेका घ्या : धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याचा घुमारा बंद, उजवा मात्र जे करत होता तेच करतोय. शिकणाऱ्याला 'आता डावा उचल' असं स्वतःला सांगावंच लागत नाही. तोंडात 'धिं'चं 'तिं' झालं की झालं. आधी पढंत, मग हात, हा आग्रह उगीच नाही. उलट पियानोच्या कागदावर साधारणपणे दोन हातांच्या दोन वेगळ्या ओळी असतात, आणि नवशिका दोन थ्रेड एकदम चालवायला बसतो. बोटं बसवायला एकेका हाताचा सराव हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण तयार डावा अधिक तयार उजवा म्हणजे वादन, ही बेरीज काही जुळत नाही.

पुरावा हवा? एका हाताचे तीन आणि दुसऱ्याचे दोन ठोके सारख्याच वेळात वाजवायचे. वेगवेगळे मोजायला जाल तर वेड लागेल. त्याऐवजी म्हणा : धाऽ तिक नाऽ, धाऽ तिक नाऽ. सहा सारखे भाग, त्यातले दुसरा आणि सहावा रिकामे. 'धा'ला दोन्ही हात टेबलावर, 'ति'ला उजवा, 'क'ला डावा, 'ना'ला उजवा. झालं! उजव्याचे तीन, डाव्याचे दोन. (शेजारच्या क्युबिकलची माफी आधीच मागून ठेवा.)

तसंही भाकरी थापताना एक हात थापतो आणि दुसरा कड सांभाळतो. आमच्या आजीने कोणाला 'आज फक्त डावा हात' असा धडा दिलेला मी तरी पाहिला नाही.

फक्त सुरुवातीला वेग नको. दोन्ही तर्जन्या एसटीच्या वायपरसारख्या एकाच दिशेने हलवा आणि वेग वाढवत न्या. एका टप्प्यावर त्या तुम्हाला न विचारता आरशातल्यासारख्या समोरासमोर हलायला लागतील. घाई केली की हात जुन्या सवयीवर जातात, नवशिक्याचे आणि उस्तादाचेही. तेव्हा की-बोर्ड कपाटावरून खाली काढणार असाल तर पहिला आठवडा इतका हळू वाजवा की घरच्यांना कंटाळा येईल.