अंबरनाथच्या पायऱ्या, ज्ञानदेवांची कुंडलिनी

महाशिवरात्र जवळ आली की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या भ्रमणध्वनींवर एक मजकूर फिरू लागतो : अंबरनाथचे शिवमंदिर म्हणजे दगडात कोरलेली कुंडलिनी. खोल गाभारा हे मूलाधार, वरचे मोकळे आकाश हे ब्रह्मरंध्र. आणि पुरावा कोणता, तर ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय!

आधी कालगणना पाहावी. मंदिराच्या शिलालेखातील शक ९८२, म्हणजे इ. स. १०६०, राजा शिलाहार मुम्मुणी. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. मध्ये २३० वर्षे आहेत. नंतरचा ग्रंथ आधीच्या शिल्पींच्या मनातील हेतूची साक्ष कशी देणार?

बरे, रूपक तरी जुळते का? योगमार्गात शक्ती मूलाधारातून वर चढते आणि मस्तकी शिवाला मिळते. अंबरनाथला शिव तळाशी आहे आणि भक्त पायऱ्या उतरून त्याच्याकडे जातो. सगळा प्रवासच उलटा! आकाश दिसते ते शिखराचा वरचा भाग आज नाही म्हणून. नसलेल्या शिखरालाही तत्त्वज्ञान चिकटवण्याची ही हौस अजब आहे.

यात खरा अन्याय होतो तो ज्ञानदेवांवर. मूळ गीतेत कुंडलिनीचा उल्लेखही नाही. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती या परंपरेने आलेली ही विद्या गुरूने शिष्याला एकांतात द्यायची. ज्ञानदेवांनी ती नेवाशात, श्रोत्यांसमोर, मराठीत उघड केली. तिन्ही बंध, जागी होणारी शक्ती, तिने गिळलेले सप्तधातू, साधकाची पालटलेली काया, काहीच झाकून ठेवले नाही. पिंडाने पिंड ग्रासण्याची ही खूण नाथांची आहे, हेही त्यांनी तिथेच सांगितले. उसनवारी लपवली नाही. 'हे तर दगडात आधीच होते' असे म्हणणारा नकळत हे धाडसच पुसून टाकतो.

शिवाय मजकूर सहाव्या अध्यायाशीच थांबतो. बाराव्यात हेच ज्ञानदेव योग्यांची वाट किती खडतर, हे सांगून भक्तीची वाट सोपी ठरवतात. तो अध्याय पुढे पाठवला जात नाही. वालधुनीकाठच्या मंदिराच्या बाह्य भिंतींवरील शेकडो मूर्तींचेही तसेच : त्या प्रत्यक्ष समोर आहेत, आणि भाविकाला मात्र न कोरलेली चक्रे मोजायला लावली जातात.