गाडीची शीळ

मोटारगाडीविषयी आम्ही लिहावे याचे काही वाचकांस नवल वाटेल, कारण आमचा हात आजवर खडूवरच बसलेला. परंतु अश्दोद येथे राहणाऱ्या आमच्या भाच्याच्या गाडीपायी गेला महिनाभर आमच्या घरी दुसरा विषय नव्हता.

गाडी जुनी, हप्त्यांवर घेतलेली, आणि इंजिन टर्बोचे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक चाक फिरते आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने १९०५ साली घेतले. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. १,२०,००० फेरे धरले तर सेकंदाला २,००० झाले. तोलात केसभर उणे असले, तरी तेवढ्याच कंपनांची शीळ कानी येते.

ती कोंडण्याची तजवीज कारखान्यातच केलेली असते. आधीच्या मालकाने हौसेखातर गाळणीभोवतालची बंद पेटी काढून उघडी, शंकूच्या आकाराची गाळणी बसविली होती. टर्बोपुढचा पोकळ डबा काढून साधी नळी जोडली होती. जादा दाब सोडणाऱ्या झडपेचे तोंडही बाहेर उघडे ठेवले होते. खालच्या मजल्यावरील बाई इस्पितळातील रात्रपाळी करून सकाळी सातला अंथरुणाला पाठ टेकतात, आणि साडेसातला आमचा भाचा त्यांच्या खिडकीखालून शीळ घालीत, फुसफुसत निघतो! पुरणपोळीची ताटली ज्या दोन घरांत ये-जा करी, त्यांचे बोलणे बंद पडले.

“मावशी, तू विज्ञान शिकवतेस, काहीतरी सांग,” असे तो म्हणाला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालून आम्ही वर्गात नाद काढून दाखवितो. तशीच पोकळी हवेच्या नळीला बाजूने जोडली, तर ती आपल्या सुराचा आवाज गिळते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव तिला दिलेले आहे. दुसरा उपाय बंद तोंडाच्या आखूड नळीचा. २,००० कंपनांच्या ध्वनीची लहर साधारण १७ सेंटिमीटर, तिचा चतुर्थांश सव्वाचार. तेवढ्या नळीत शिरलेली लहर परतते ती उलटी होऊन, आणि मूळ लहरीला मारते. मात्र एका लांबीने एकच सूर मरतो. म्हणून त्या पोकळ डब्यात निरनिराळे कप्पे असतात.

इतके ठाऊक असूनही आम्ही सल्ला दिला तो असा: नळीत आतून गादीचा स्पंज चिकटव. स्वस्त आणि सोपे! मिस्त्रीने स्पंज हाती घेऊन एवढेच विचारले, “मोरा, हा तुकडा सुटला तर जाईल कोठे?” तो जाणार थेट त्या लाख फेऱ्यांच्या चाकात. पाती मोडली असती आणि मुलाचे हप्ते तसेच उरले असते. आम्हांस उत्तर सुचले नाही.

मिस्त्रीने आधी टर्बोचा दांडा हलवून पाहिला आणि नळ्यांचे सांधे तपासले. बेअरिंग झिजले किंवा नळीला चीर गेली तरीही शीळ येते, आणि तसली शीळ दाबणे म्हणजे तापाचे कारण न शोधता अंग पुसणे. एक पट्टा सैल निघाला, तो आवळला. मग भंगारातून त्याच मॉडेलची मूळ पेटी आणि कप्प्यांचा डबा आणून बसविला. झडपेची हवा पुन्हा टर्बोच्या तोंडी सोडणारी नळीही जोडली. या गाडीत हवा मोजणारे यंत्र गाळणीपाशी आहे. मोजलेली हवा बाहेर गेली तरी संगणक तिच्या हिशेबाने पेट्रोल देतो, म्हणजे ते फुकट जळत होते. शिवाय या देशात परवानगीवाचून गाडीच्या रचनेत फेरफार करता येत नाही, हे मुलाला वार्षिक चाचणीपूर्वीच कळले ते बरे.

चढावर अजून बारीक शीळ येते. गेल्या आठवड्यात तो गाडी लावून जिना चढत असता बाईंनी दार उघडून विचारले, “आज गाडी नेली नव्हतीस काय रे?”