मीलवर्मचा धंदा करायचाय? आधी ट्रेमध्ये काय आहे ते ओळखायला शिका



मीलवर्म पालनाबद्दल बोललो की दोन प्रश्न हमखास येतात. "सर, गुंतवणूक किती लागेल?" आणि "सर, माल घेणार कोण?" दोन्ही बरोबर आहेत. पण "ट्रेमध्ये जे दिसतं ते ओळखायचं कसं?" हे मला आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही. आणि माझं मत असं की या धंद्यात पैसे बुडतात ते इथेच.

आमच्या बॅचमधल्या एकाने 'स्टार्टर किट' घेतलं. सोबत तोंडी आश्वासन, की तयार माल आम्हीच परत घेऊ. दोन महिने सगळं बरं चाललं. मग ट्रेमध्ये पांढरट, वाकडे, काही न खाणारे दाणे दिसायला लागले. त्याला वाटलं रोग आला. बिचाऱ्याने चमच्याने वेचून सगळे फेकून दिले आणि उरलेल्या मोठ्या अळ्या विकून टाकल्या. महिन्याभरात ट्रेमध्ये नुसता कोंडा! त्याने जे फेकले ते कोष होते. म्हणजे पुढच्या पिढीचे आई-बाप. किटवाल्याने नंतर फोन उचलला नाही ही गोष्ट वेगळी, पण उचलला असता तरी द्यायला माल कुठे होता?

म्हणून आधी ओळख करून घेऊ. मीलवर्म हा 'वर्म' नाहीच. एका काळ्या भुंगेऱ्याची ती अळी. पाळीव गेको, बिअर्डेड ड्रॅगन, काही पक्षी, अरोवानासारखे मासे यांचं हे खाणं. त्याच्या चार अवस्था: अंडी, अळी, कोष, भुंगेरा.

अंडी तुम्हाला दिसणारच नाहीत. पांढरी, अगदी बारीक आणि चिकट असतात, त्यांना कोंडा चिकटून बसतो. त्यामुळे भुंगेरे काढून घेतलेला ट्रे रिकामा समजून झटकला की हजारो अंडी गेली. एक-दोन आठवड्यांत त्यातून केसासारख्या पांढऱ्या अळ्या निघतात, पण त्या डोळ्यांना दिसायला अजून वेळ लागतो. तोपर्यंत धीर धरायचा. कोंड्याचा पृष्ठभाग हळूच हलताना दिसला की समजा काम झालं. पण थांबा, वरची धूळ हलतेय आणि ओलसर वास येतोय, तर त्या अळ्या नसून माइट्स असू शकतात. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार होतं. गाजर-बटाट्याचे तुकडे दोन दिवस तसेच राहिले, कोंडा ओला झाला, की झालंच. भिंग घ्या. फार महाग वस्तू नाही ती.

अळी वाढताना पुन्हा पुन्हा कात टाकते. वर साचलेल्या पोकळ, पिवळसर साली म्हणजे मेलेल्या अळ्या नव्हेत, वाढीची खूण आहे. मध्येच एखादी अळी दुधासारखी पांढरी दिसते. तीही आजारी नसते, नुकतीच कात टाकलेली असते. काही तासांत परत पिवळी-तपकिरी होईल. मेलेली अळी काळी पडते, मऊ होते, वास मारते. ती मात्र लगेच काढा.

आता कोष. याला रेशमासारखा धागा नसतो, उघडाच पडलेला असतो. खात नाही, चालत नाही, पण बोट लावलं की पोट वळवळतं. वळवळला तर जिवंत, काळा पडला तर गेला. एवढी एक परीक्षा त्या मुलाला माहीत असती तर! आणि कोष वेगळ्या डब्यात काढायचेच, कारण अळ्या आणि भुंगेरे त्यांना खातात. एक-दोन आठवड्यांत त्यातून भुंगेरा निघतो. आधी पांढरा, मग तपकिरी, काही दिवसांत काळा.

हा रंग खरेदीत फार कामाचा आहे. 'ब्रीडिंग भुंगेरे' म्हणून कुणी काळेभोर भुंगेरे विकत असेल, तर त्यांचं वय तुम्हाला कळणारच नाही. भुंगेऱ्याचं आयुष्य साधारण दोन-तीन महिने. त्यातले किती उरलेत? पाय तुटलेले, मिश्या झडलेल्या दिसल्या तर घेऊच नका. मी तर सांगेन, कोष मागा किंवा तपकिरी भुंगेरे मागा. विकणारा नाही म्हणाला तर त्यातच उत्तर मिळालं.

आपल्याकडच्या रेशीम शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. अंडीपुंज, चॉकी, कात, कोष हे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यात असतात. पण त्याच्याकडे कामं वाटलेली आहेत. अंडीपुंज दुसरा तयार करतो, चॉकी केंद्र दोन काती झालेल्या अळ्या देतं, शेतकरी पुढचं सांभाळून कोष विकतो. तुमच्या मीलवर्ममध्ये हे सगळे तुम्हीच. विकायची अळी, पण पुढचं उत्पन्न ठरणार ते न विकलेल्या अळीवर.

२५ ते २८ अंश तापमानात अंड्यापासून विकण्याजोगी अळी व्हायला अडीच-तीन महिने धरा. त्यापुढे कोष, मग भुंगेरा, आणि तो अंडी घालायला लागेपर्यंत आणखी आठवडा-दोन आठवडे. म्हणजे एक फेरा चार महिन्यांच्या आसपास. दर आठवड्याला माल द्यायचा असेल तर वेगवेगळ्या वयाचे डझनभर तरी ट्रे हवेत, प्रत्येकावर भुंगेरे काढल्याची तारीख. एकाच वयाचे बारा ट्रे असतील तर एका आठवड्यात ढीगभर माल आणि पुढचे तीन महिने ग्राहकाला "नाही" म्हणायचं. ग्राहक काय थांबणार आहे का?

ग्राहकालाही अवस्था कळवा. डब्यावर 'मीलवर्म' एवढंच न लिहिता लहान, मध्यम, मोठी असं लिहा. गेकोच्या पिल्लाला मोठी अळी चालत नाही. दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा किडा देऊ नये, असा पाळणाऱ्यांचा साधा ठोकताळा आहे. मीलवर्म फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले तर त्यांची वाढ मंदावते आणि ते टिकतात. पण सुपरवर्म ही वेगळी जात, ती फ्रिजमध्ये मरते. तिची लहान अळी मीलवर्मसारखीच दिसते, फक्त दोन्ही टोकांना जास्त गडद. डब्यावर चुकीचं नाव लिहिलंत तर मेलेल्या मालाचे पैसे तुम्हालाच परत करावे लागतील. (आणि इग्वानावाला आला तर त्याला सांगा, तुझा प्राणी पाला खातो. एक विक्री जाईल, जाऊ द्या.)

घोरपड, तारा कासव असे देशी प्राणी पाळणं कायद्याने बंद आहे, त्यांच्यासाठी कुणी खाणं मागितलं तर लांबच राहा.

आता गुंतवणुकीचं विचारताय ना? माझा सल्ला: पहिले चार महिने एकच ट्रे, मूठभर कोष, गव्हाचा कोंडा, एक चाळणी, एक भिंग. ट्रे घरातल्या धान्याच्या डब्यांपासून लांब ठेवा, कारण हा मुळात साठवलेल्या पिठा-धान्यातलाच किडा आहे. विक्री शून्य. रोज पाच मिनिटं बघायचं आणि वहीत लिहायचं. बॅचमधला तो मुलगा आता हेच करतोय. परवा त्याने फोटो पाठवला, कोंड्यावर एक पांढराशुभ्र भुंगेरा. खाली लिहिलं होतं, "सर, हा मेलेला नाही ना?"

नाही रे. संध्याकाळी परत बघ, तपकिरी व्हायला लागला असेल.