बालकांचे मेन्यूकार्ड आणि वैद्यांचे दायित्व



सुटीच्या दिवशी सायंकाळी एखाद्या बऱ्यापैकी उपाहारगृहात आपण सहकुटुंब गेलो, तर मोठ्यांच्या हाती जाडजूड मेन्यूकार्ड येते आणि बालकांपुढे रंगीत चित्रांचे निराळे पान ठेवले जाते. त्या पानावरील पदार्थ आता सर्वांना पाठ झाले आहेत : फ्रेंच फ्राईज, चीज पिझ्झा, नूडल्स, पांढऱ्या सॉसमधील पास्ता, चॉकलेट मिल्कशेक. गाव बदलले, उपाहारगृह बदलले, तरी हे पान फारसे बदलत नाही. मोठ्यांच्या कार्डात डाळी आहेत, भाज्या आहेत, भाकरी आहे, कोशिंबीर आणि ताक आहे. बालकांच्या पानावर यांपैकी बहुधा काहीच नसते. ज्या वयात धातूंची उभारणी व्हावयाची, त्याच वयासाठी निकृष्ट अन्न वेगळे काढून ठेवण्याची ही रीत समाजाने निमूटपणे स्वीकारली आहे. या विषयावर आम्हांस काही स्पष्टपणे मांडावयाचे आहे. त्यातील काही भाग आपणांस, आणि आम्हांसही, अप्रिय वाटण्याचा संभव आहे.

बालकांचे वेगळे कार्ड ही कल्पना मूळची अमेरिकेतील. १९२० साली तेथे दारूबंदी अमलात आली आणि मद्यविक्रीचे उत्पन्न बुडालेल्या हॉटेलांचे लक्ष कुटुंबांकडे वळले. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलाने १९२१ मध्ये बालकांसाठी स्वतंत्र कार्ड काढले. त्यावर तळलेले पदार्थ नव्हते; उकडलेला भात, त्यावर कोंबडीचे बारीक तुकडे, लोण्यात परतलेल्या हिरव्या भाज्या असे साधे, मऊ अन्न होते. एमेट होल्ट या बालरोगतज्ज्ञाच्या १८९४ सालच्या बालसंगोपनविषयक पुस्तकाचा पगडा तेव्हा घराघरांवर होता आणि त्यातील कडक पथ्यांची छाया त्या कार्डावर पडली होती. म्हणजे हे कार्ड जन्मले ते एका अर्थी वैद्यकाच्या सावलीत. पुढे पथ्य गळून पडले आणि धंदा तेवढा उरला. १९७९ साली बालकांच्या जेवणाच्या खोक्यात खेळणे आले. १९९६ साली त्या प्रकारची उपाहारगृहे दिल्ली-मुंबईत उघडली आणि खेळण्यासाठी जेवण मागणारी पहिली भारतीय पिढी तयार झाली. ती पिढी आज आपल्या चिकित्सालयात स्वतःची मुले घेऊन येत आहे.

आमच्याकडे येणाऱ्या मातांची तक्रार ठरलेली असते : "वैद्यराज, हा काहीच खात नाही. भूक लागण्याचे औषध द्या." थोडी विचारपूस केली की ध्यानी येते, बालक खात नाही असे नव्हे, ते भाजी, वरण, भाकरी खात नाही. बिस्किटे, वेफर्स, नूडल्स आणि गोड पेये दिवसभर चालूच असतात. आधीचे पचण्यापूर्वी पुढचे पोटात जाते, म्हणजे अध्यशन घडते. मग अग्निमांद्य, मलावष्टंभ, वारंवार सर्दी-खोकला आणि कृमी ही परंपरा ओघाने येते. बाल्यावस्था मुळात कफप्रधान. त्यात मैदा, चीज आणि साखर यांसारखी गुरू व अभिष्यंदी द्रव्ये रोजची झाली, तर दुसरे काय होणार?

चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितलेली आहारविधीची आठ आयतने या रंगीत पानाला लावून पाहावीत. प्रकृतीने पदार्थ गुरू, करण म्हणजे संस्कार पाहावा तर पुनःपुन्हा तापविलेल्या तेलात तळणे, संयोगात दूध आणि आंबट फळे एकत्र, राशी अशी की लहानग्याला जवळजवळ मोठ्याएवढी, देश परका, काळ म्हणजे रात्रीचे नऊ. उपयोगसंस्थेचा, म्हणजे भोजननियमांचा, तर पत्ताच नाही, कारण मन जेवणात नसून खेळण्यात किंवा मोबाईलच्या पडद्यात असते. आणि आठवा जो उपयोक्ता, त्याचे ओकसात्म्य या वयात घडत असते. आम्हांस सर्वांत गंभीर वाटते ती हीच बाब. एका रात्रीच्या पिझ्झ्याने कोणाचे बालक आजारी पडत नाही. परंतु "मुलांचे जेवण वेगळे आणि मोठ्यांचे वेगळे" हा संस्कार एकदा रुजला, की घरच्या ताटातही बालक आपले वेगळे पान मागू लागते.

आपली जुनी रीत याच्या नेमकी उलट होती. सुश्रुताचार्यांनी बालकाच्या क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद अशा तीन अवस्था सांगितल्या. त्यांत अन्नाद झालेल्या मुलासाठी निराळ्या पाकशाळेची कल्पना नाही. आपल्याकडे उष्टावण झाले की मऊ भात, मुगाचे वरण, तूप, मेतकूट यांपासून आरंभ होऊन दोन-तीन वर्षांत मूल घरच्याच ताटावर येत असे. तिखट तेवढे कमी. खानावळीत गेले तरी बापाच्या थाळीतील वाटी मुलापुढे सरकविली जाई. आजचे पोषणशास्त्रही हेच सांगते, की नवा पदार्थ बालकाने स्वीकारावा यासाठी तो आठ-दहा, प्रसंगी पंधरा वेळा त्याच्यासमोर यावा लागतो. दोन ते सहा या वयात नव्या अन्नाविषयी नाखुषी स्वाभाविकच असते. जे पान कारले, दोडका, मेथी कधी समोर येऊच देत नाही, ते बालकाची आवड जपत नाही. ती घडण्याची संधी हिरावून घेते.

कोणी म्हणेल, ज्या देशात पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आहेत, तेथे उपाहारगृहांतील चोचल्यांची चर्चा कशाला? आक्षेप रास्त आहे. परंतु २०१९-२१ च्या ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा आहे, तीच पाहणी सांगते की त्या वयोगटातील अतिवजनाचे प्रमाण २०१५-१६ च्या २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेले आणि रक्तक्षय ५८.६ वरून ६७.१ टक्क्यांवर पोहोचला. कार्डावरच्या त्याच चवी पाच रुपयांच्या पुडीतून वाडी-वस्तीपर्यंत गेल्या आहेत. पोट भरते आणि धातू उपाशी राहतात. खुजेपणा आणि स्थौल्य ही दोन टोके वाटतात, पण निकस अन्न दोहोंच्या मुळाशी असू शकते.

कायद्याने काही होते का? सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१० साली नियम केला, की पोषणाच्या निकषांत न बसणाऱ्या बालजेवणासोबत खेळणे फुकट देता येणार नाही. तेव्हा काही विक्रेत्यांनी खेळण्याचे दहा सेंट वेगळे आकारून वाट काढली. कॅलिफोर्निया राज्याने २०१९ पासून बालजेवणाबरोबर न मागता द्यावयाचे पेय पाणी किंवा दूध असावे असे ठरविले. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी शाळेत आणि शाळेपासून पन्नास मीटरच्या आत अतिस्निग्ध, अतिगोड व अतिलवण पदार्थांच्या विक्रीस बंदी केली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु शाळेपुरता नियम रविवारच्या मेन्यूकार्डापर्यंत पोहोचत नाही. तेथे कायद्यापेक्षा वैद्याचा शब्द अधिक उपयोगी पडेल, असे आमचे मत आहे.

मात्र तो शब्द उच्चारण्यापूर्वी आपण आपल्या घराकडे पाहावे. आपल्या औषधी दुकानांच्या फळीवर आज काय दिसते? चॉकलेटच्या स्वादाचे च्यवनप्राश, संत्र्याच्या रंगाची भूकवर्धक सिरपे, कार्टूनच्या वेष्टनातील चोखायच्या गोळ्या. यांपैकी अनेकांच्या घटकसूचीत साखर आघाडीवर असते. हेही एक बालकांचे मेन्यूकार्डच नव्हे काय? आम्ही स्वतः वर्षानुवर्षे, माता समाधानाने घरी जावी आणि मूल हट्ट न करता औषध घ्यावे म्हणून, अशी सिरपे लिहून दिली आहेत. त्याचे समर्थन आम्ही "बालकांना मधुर रस हितकर" असे करीत आलो. पण मधुर रस म्हणजे साखर नव्हे. तांदूळ, गहू, दूध, तूप ही मधुर रसाची द्रव्ये होत, आणि बालकाच्या धातुपोषणासाठी शास्त्राला ती अभिप्रेत आहेत. शास्त्रातील शब्दाचा आधार घेऊन साखरेचा पाक विकणे ही आपली सोय आहे, शास्त्र नव्हे. २०२४ साली केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाईन विक्रेत्यांना दुधात घालावयाची गोड पेये 'आरोग्यपेय' या वर्गातून काढण्यास सांगितले. तो दिवस आपल्या सिरपांवर येण्यापूर्वी आपणच सावध झालेले बरे.

करावयाचे काय? प्रथम, "भूक लागत नाही" या तक्रारीवर औषध देण्यापूर्वी तीन दिवसांचे खाणे-पिणे वेळेसह लिहून आणावयास सांगावे. दुसरे, एकदम बंदी घालू नये. अहितकर सवय चतुर्थांशाने सोडावी आणि तेवढ्याच अंशाने हितकर सवय जोडावी, हा चरकोक्त पादांशिक क्रम बालकांच्या बाबतीत फार गुणकारी आहे. चार वेळा वेफर्स खाणाऱ्याला आधी तीन वेळा द्यावेत आणि चौथ्या वेळी लाह्या, राजगिऱ्याचा लाडू किंवा घावन द्यावे. तिसरे, आपल्या परिचयाच्या हॉटेलमालकांना सुचवावे की बालकांचे निराळे पान काढून टाकून कार्डातील प्रत्येक पदार्थ अर्ध्या मापात, अर्ध्या दरात आणि कमी तिखट द्यावा. सोबत पाणी किंवा ताक. यात त्यांचेही नुकसान नाही. चौथे, औषध-विक्रेत्यांनी बालकांच्या प्रत्येक उत्पादनातील साखर किती, हे विचारण्यापूर्वीच सांगावे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावण्यास सांगितले. शाळा फलक लावतात, तर औषधी दुकान का लावू शकत नाही?

यामुळे आरंभी काही बाटल्या कमी खपतील, हे आम्ही जाणतो. परंतु कश्यपांनी ज्या आहाराला महाभैषज्य म्हटले, त्याची निवड रंगीत पानावर आणि आपल्या फळीवरील वेष्टनांवर सोपवून आपण बालकांचे वैद्य म्हणवून घेऊ शकत नाही. पुढच्या वेळी सहकुटुंब बाहेर जेवावयास जाल तेव्हा बालकांचे ते पान नम्रपणे परत करावे आणि आपल्याच ताटातील एक वाटी मुलापुढे सरकवावी. आरंभ तेथूनच व्हावा, एवढीच आमची विनंती.